पॅरललमध्ये करंट वाढतो काय?

"सिरीजमध्ये व्होल्टेज वाढतो, पॅरललमध्ये करंट वाढतो." हे वाक्य कानावर न पडता महाराष्ट्रात कुणी विज्ञान शाखेला गेला असेल, असे वाटत नाही. गाइडांत ते चौकट घालून छापलेले असते, तोंडी परीक्षेत हमखास विचारले जाते, आणि शाळा सुटली तरी ते सुटत नाही. इन्व्हर्टर बसवायला आलेला वायरमन तेच ऐकवतो, बॅटरीच्या दुकानदाराच्याही तोंडी तेच असते. वाक्य आटोपशीर आहे, त्याचे दोन्ही भाग एका मापाचे आहेत, एकदा ऐकले की पाठ. पहिला भाग खरा आहे. दुसरा बहुतेक वेळा खोटा आहे. शिवाय दोन्ही शेजारी शेजारी उभे राहिल्यामुळे त्यांतून एक न सांगितलेला, पण सगळ्यांनी गृहीत धरलेला निष्कर्ष निघतो: सिरीजमध्ये करंट वाढत नाही. तोही खोटा.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्याच बाजूने नीट मांडावे, मग हत्यार उचलावे, ही आपल्याकडच्या वादपद्धतीची जुनी शिस्त. ती पाळायची तर पूर्वपक्ष असा. एकसर जोडणीत पहिल्या घटाचे ऋण टोक दुसऱ्याच्या धन टोकाला लागते. वाट एकच, त्यामुळे जी धारा पहिल्या घटातून जाते तीच दुसऱ्यातून. धारांची बेरीज व्हायला इथे जागाच नाही. बेरीज होते ती व्होल्टेजची: दीड आणि दीड, तीन. समांतर जोडणीत धन टोके एकत्र, ऋण टोके एकत्र. व्होल्टेज एका घटाचाच, दीड. पण दोन घटांतून निघालेल्या दोन धारा सांध्यापाशी मिळतात, आणि किरखॉफने १८४५ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे सांध्यात जेवढी धारा येते तेवढीच बाहेर पडते. सबब बाहेरची धारा म्हणजे दोन्ही घटांच्या धारांची बेरीज. यात चूक कुठे आहे?

बोललेल्या वाक्यांत कुठेच नाही. चूक आहे ती न बोललेल्या वाक्यात. प्रत्येक घटाजवळ द्यायला एक ठरलेली धारा असते, हे ते वाक्य. दोन धारांची बेरीज होते हे कबूल. पण दुसरा घट आल्यावरही पहिल्याची धारा होती तेवढीच राहते, हे कुणी सिद्ध केले? घटाजवळ ठरलेला असतो तो त्याचा व्होल्टेज. तो त्याच्या पोटातल्या रसायनांनी ठरवून दिलेला असतो: जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड असेल तर सुमारे दीड, शिसे आणि गंधकाम्ल असेल तर दोनच्या किंचित वर. धारा किती वाहावी हे घट एकटा ठरवत नाही. बाहेर जे काही जोडले आहे त्याचा रोध आणि घटाचा स्वतःचा अंतर्गत रोध, या दोघांनी मिळून ती ठरते.

आकडे घेऊ. साध्या जस्त-कार्बन सेलचा व्होल्टेज १.५ आणि अंतर्गत रोध हिशेबाच्या सोयीसाठी ०.५ ओहम धरू. बाहेर १० ओहम रोधाचा छोटा दिवा. एकच सेल लावला तर एकूण रोध १०.५ ओहम आणि धारा १४३ मिलिअँपिअर. आता दुसरा तसाच सेल समांतर लावू. अंतर्गत रोध निम्मा झाला, ०.२५, एकूण रोध १०.२५, धारा १४६ मिलिअँपिअर. वाढ जेमतेम साडेतीन मिलिअँपिअरची, शेकडा अडीचदेखील नाही. सांध्यापाशी बेरीज झाली हे खरेच आहे, पण ती १४३ आणि १४३ ची नव्हे, तर ७३ आणि ७३ ची. दुसरा सेल आल्याबरोबर पहिल्याने आपले निम्मे काम त्याच्यावर सोपवले आणि तो सैल झाला. आता तेच दोन सेल एकसर लावू. व्होल्टेज ३, एकूण रोध ११ ओहम, धारा २७३ मिलिअँपिअर. जिथे धारा वाढत नाही म्हणून सांगतात तिथे ती दुपटीच्या जवळ गेली, आणि जिथे वाढते म्हणून सांगतात तिथे ती जागची हलली नाही म्हटले तरी चालेल. (खऱ्या दिव्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा २७३ च्या खाली येईल. निष्कर्षाला त्याने धक्का लागत नाही.)

यात नवल वाटण्याजोगे काही नाही. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी तीन सेलची लांब बॅटरी घेऊन निघतो, तिच्यात सेल एकामागे एक असतात, शेजारी शेजारी नसतात. दिव्यातून जास्त धारा जाऊन उजेड पडावा म्हणूनच ते तसे असतात. पॅरललमध्ये करंट वाढत असता तर टॉर्च बनवणाऱ्यांनी शंभर वर्षे उलटा धंदा केला असे म्हणावे लागेल.

शाळेच्या प्रयोगशाळेत या वाक्याची फजिती रोज होते, पण तिची नोंद होत नाही. मुलगा दुसरा सेल समांतर जोडतो आणि दिव्याकडे बघतो. दिवा तसाच. अमीटरचा काटा तसाच. पुस्तकातले वाक्य खरे की समोरचा काटा खरा, या पेचातून तो फार लवकर सुटतो: जर्नलमध्ये वाक्याला शोभेल असे रीडिंग लिहून टाकतो, आणि त्यावर सही होते. विज्ञानाच्या पहिल्यावहिल्या प्रयोगातच काट्यापेक्षा वाक्याला मान द्यायचा धडा त्याला मिळतो, हे या वाक्याचे मला सर्वांत मोठे पाप वाटते.

मग हे वाक्य कधीच खरे नसते काय? असते. दिव्याच्या जागी एक आखूड जाड तार घ्या, जोडांसकट तिचा रोध ०.१ ओहम धरा. एका सेलने धारा २.५ अँपिअर. दोन समांतर लावले तर ४.३ अँपिअर. दोन एकसर लावले तर फक्त २.७. इथे पूर्वपक्ष जिंकतो आणि चांगला जिंकतो. कारण उघड आहे: बाहेर अडवणारे काहीच नाही, जो काही अडथळा आहे तो सेलच्या पोटात आहे, आणि समांतर जोडणी नेमका तोच अडथळा कमी करते. एकसर जोडणी व्होल्टेज दुप्पट करते, पण पोटातला रोधही दुप्पट करते. या दोन टोकांच्या मध्ये सीमारेषा नेमकी कुठे आहे? बाहेरचा रोध एका सेलच्या अंतर्गत रोधाएवढा असतो तिथे. आपल्या उदाहरणात तो ०.५ ओहम घ्या: एकसर जोडणीत ३ भागिले १.५, समांतर जोडणीत १.५ भागिले ०.७५, दोन्हीकडे दोन अँपिअर. सेल दोन असोत की वीस, ही सीमा बदलत नाही. तिच्या वर एकसर जोडणी जास्त धारा देते, खाली समांतर. आणि घरात, शाळेत, खेळण्यांत आपण सेलला जे काही जोडतो ते बहुतेक सगळे या सीमेच्या बरेच वर असते. जे वाक्य फक्त सीमेच्या खाली खरे आहे ते आपण वरच्या प्रदेशाचा कायदा म्हणून शिकवतो.

पूर्वपक्षाचा आवडता दाखला पाण्याच्या टाक्यांचा. एकावर एक टाक्या म्हणजे सिरीज, दाब जास्त. शेजारी शेजारी टाक्या म्हणजे पॅरलल, पाणी जास्त. दाखला उत्तम आहे, फक्त तो त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. गच्चीवर एका टाकीशेजारी त्याच उंचीवर दुसरी टाकी बसवली आणि दोन्ही एकाच पाइपला जोडल्या, तर तळमजल्यावरच्या नळाची धार दुप्पट होते काय? कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. धार तेवढीच राहते, पाणी दुप्पट वेळ पुरते. धार वाढवायची तर टाकी उंच चढवावी लागते.

हा गैरसमज कुणा आळशी गाइडकाराने जन्माला घातला असे मात्र समजू नये. त्याचे कूळ मोठे आहे. व्होल्टाने २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून आपल्या चितीची, म्हणजे धातूच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे आळीपाळीने रचून केलेल्या बॅटरीची, माहिती कळवली. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे युरोपात आणि अमेरिकेत बॅटऱ्या बांधायची जणू शर्यत लागली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीने दोन हजार जोड्यांची प्रचंड बॅटरी उभारली. तिने कोळशाच्या दोन टोकांमध्ये डोळे दिपवणारी ज्योत पेटे. त्याच काळात जॉन जॉर्ज चिल्ड्रेन याने अगदी थोड्या जोड्या, पण सहा-सहा फूट लांबीचे पत्रे, अशी बॅटरी बांधली. तिने प्लॅटिनमच्या तारा लालभडक होऊन वितळत. फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट हेअरने १८१९ च्या सुमारास जस्ताचे सगळे पत्रे एकत्र आणि तांब्याचे सगळे एकत्र जोडून असे यंत्र केले की, हाताला जेमतेम झिणझिणी, पण तार मात्र भट्टीत घातल्यासारखी तापे. मोठा पत्रा म्हणजे समांतर जोडलेले अनेक छोटे पत्रेच. तेव्हा पुष्कळ जोड्या म्हणजे एकसर जोडणी, मोठे पत्रे म्हणजे समांतर.

या मंडळींनी डोळ्यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले. पुष्कळ जोड्यांची बॅटरी "तीव्रता" देते, मोठ्या पत्र्यांची बॅटरी "राशी" देते. वीज जणू दोन स्वभावांची आहे आणि बॅटरी बांधणारा त्यांतला हवा तो स्वभाव निवडतो. आज आपण तीव्रतेच्या जागी व्होल्टेज म्हणतो, राशीच्या जागी करंट म्हणतो, आणि १८२० सालचे तेच मत मुलांकडून पाठ करून घेतो. त्यांच्याकडे निदान सबब होती. बाहेरच्या तारेचा रोध आणि बॅटरीच्या पोटातला रोध एकाच सूत्रात बसवणारा माणूस अजून पुढे यायचा होता.

तो माणूस कोलोनमधल्या एका शाळेत गणित आणि भौतिकी शिकवत होता. गेओर्ग ओहमने १८२६ साली केलेला प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. त्या काळच्या बॅटऱ्या बेभरवशाच्या. चालू केल्या की मिनिटामिनिटाला मंदावत. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फच्या सल्ल्याने ओहमने त्या बाजूला ठेवल्या आणि बिस्मथ व तांबे यांचा औष्णिक जोड घेतला: एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक स्थिर, म्हणून विजेचा दाबही स्थिर. मग सारख्या जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने एकामागून एक मंडलात घातल्या आणि दर वेळी चुंबकसूची किती वळते ते मोजले. त्यातून जे सूत्र निघाले त्याच्या छेदात दोन पदे होती. एक घातलेल्या तारेच्या लांबीचे आणि दुसरे उरलेल्या मंडलाचे, म्हणजे स्रोत धरून सगळ्याचे. आजच्या भाषेत बाहेरचा रोध अधिक आतला रोध. ओहमचा नियम म्हणून आपण जो पाठ करतो त्यात हे दुसरे पद गळून गेले आहे. ओहमच्या स्वतःच्या समीकरणात ते पहिल्या दिवसापासून होते. १८२७ साली बर्लिनमध्ये त्याचे पुस्तक निघाले. जर्मनीत त्याचे स्वागत थंड झाले, आणि रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक त्याला मिळायला १८४१ साल उजाडावे लागले.

राशीच्या मताने प्रत्यक्षात किती नुकसान केले, याचा दाखला तारायंत्राच्या इतिहासात आहे. १८२५ मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लोने दोनशे फूट तारेवर प्रयोग केले. तार लांबवली की परिणाम इतका झपाट्याने घटत गेला की, विजेवर चालणारे तारायंत्र अशक्य आहे, असा निर्णय त्याने देऊन टाकला. पुढे न्यू यॉर्कच्या विद्यापीठात सॅम्युएल मोर्स आपल्या यंत्राशी झगडत होता. त्याच्याजवळ मोठ्या पत्र्यांचा एकच घट आणि मोजके वेढे असलेला विद्युतचुंबक. चाळीस फुटांपलीकडे संदेश जाईना. पूर्वपक्षाच्या मते त्याने काय करायला हवे होते? धारा कमी पडते आहे, तर पत्रे आणखी मोठे करा, घट समांतर वाढवा. तसे केले असते तर तो आयुष्यभर चाळीस फुटांतच राहिला असता. त्याच विद्यापीठात रसायनशास्त्राचा प्राध्यापक असलेल्या लेनर्ड गेलने ऑल्बनीच्या जोसेफ हेन्रीचा १८३१ सालचा निबंध वाचला होता. हेन्रीने हजारावर फूट तारेच्या टोकाला विद्युतचुंबक ठेवून दाखवले होते की, लांब तारेतून काम घ्यायचे तर पुष्कळ जोड्यांची बॅटरी आणि पुष्कळ वेढ्यांचा चुंबक हवा. गेलने मोर्सचा एक घट काढून अनेक घट एकसर लावले, चुंबकाचे वेढे वाढवले. संदेश शेकडो फूट गेला, मग हजार फूट, आणि शेवटी गेलच्या वर्गात रिळांवर गुंडाळलेल्या दहा मैल तारेतून गेला. धारा कमी पडत होती, आणि ती वाढली सिरीजने.

उलट टोकाचा अतिरेकही टाळावा, म्हणून एक छोटी गोष्ट जोडतो. १८६६ साली अटलांटिकखाली दोन केबली तयार झाल्यावर तारायंत्राचा इंजिनिअर लॅटिमर क्लार्कने न्यू फाउंडलंडच्या बाजूला त्यांची टोके एकमेकींना जोडायला लावली, आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर बसून चांदीच्या अंगुस्तानात जस्ताचा तुकडा आणि थोडे आम्ल घालून केलेल्या एका चिमुकल्या घटाने समुद्रपार जाऊन परत आलेला संकेत वाचला. संवेदनशील गॅल्व्हनोमीटरला इतकी कमी धारा लागत होती की, एक घटसुद्धा पुरला. किती धारा हवी हे आधी विचारा, जोडणी नंतर.

आता घरातल्या इन्व्हर्टरकडे येऊ, कारण तिथे या वाक्याची आणखी एक बाजू लंगडी पडते. दिवा हा ठरलेला रोध होता. इन्व्हर्टर तसा नाही. त्याला ठरलेली शक्ती लागते. पंखे, दिवे, फ्रिज मिळून हजार वॅट लागत असतील तर तो बॅटरीकडून हजार वॅट ओढून घेणारच, मग व्होल्टेज काहीही असो. बाराच्या दोन बॅटऱ्या समांतर लावून १२ व्होल्टचा इन्व्हर्टर चालवला तर मुख्य तारेतून ८३ अँपिअर जातात. त्याच दोन एकसर लावून २४ व्होल्टचा चालवला तर ४२. म्हणजे इथे सिरीजमध्ये धारा निम्मी झाली! दिव्याच्या बाबतीत जवळजवळ दुप्पट, इन्व्हर्टरच्या बाबतीत निम्मी, आणि वाक्य म्हणते की सिरीजमध्ये फक्त व्होल्टेज वाढतो. मौजेची गोष्ट अशी की, बॅटरीच्या दृष्टीने दोन्ही जोडण्या सारख्याच आहेत: समांतर असो की एकसर, प्रत्येक बॅटरी ४२ च्या आसपासच अँपिअर देते. फरक पडतो तो तारेला. जाणाऱ्या-येणाऱ्या तारेचा रोध मिळून ०.०१ ओहम असेल तर ८३ अँपिअरला तिच्यात ६९ वॅट जळतात, ४२ ला फक्त १७. मोठे इन्व्हर्टर चोवीस किंवा अठ्ठेचाळीस व्होल्टचे का असतात, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

साठ्याचेही तसेच. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या कशाही जोडा, साठलेली ऊर्जा ३,६०० वॅट-तासच. एका जोडणीत ती २४ गुणिले १५० अशी दिसते, दुसऱ्यात १२ गुणिले ३०० अशी. "पॅरलल केली की बॅकअप डबल" हे दुकानातले वाक्य एका बॅटरीच्या तुलनेत खरे, पण त्याचे श्रेय पॅरललला नाही, दुसरी बॅटरी विकत घेण्याला आहे. पॉवर बँकेवरचे १०,००० मिलिअँपिअर-तास हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. ५ व्होल्टच्या यूएसबीतून बाहेर येताना ते ७,४०० च्या वर जाऊच शकत नाहीत, आणि रूपांतरातली गळती त्यातून आणखी वजा. विमान कंपन्या पॉवर बँकेची मर्यादा १०० वॅट-तास अशी सांगतात, मिलिअँपिअर-तासांत नाही. त्यांना हिशेब कळतो.

पुढच्या वर्गात गेल्यावर "मिश्र जोडणी" नावाचा एक अधिक पंडिती धडा येतो. काही सेल एकसर लावून ओळी करायच्या, मग ओळी समांतर जोडायच्या, आणि बाहेरचा रोध एकूण अंतर्गत रोधाएवढा होईल अशी मांडणी शोधायची, ती "सर्वोत्तम". महत्तम धारेपुरते गणित निर्दोष आहे. आपलेच ०.५ ओहमचे २४ सेल आणि बाहेर ३ ओहम घ्या: बारा-बाराच्या दोन ओळी, धारा ३ अँपिअर, बाहेर २७ वॅट. पण तेवढेच २७ वॅट सेलच्या पोटात उष्णता होऊन जातात, हे त्या धड्यात बहुधा दबक्या आवाजात सांगतात. सहा-सहाच्या चार ओळी केल्या तर धारा २.४ अँपिअरवर येते, बाहेर १७ वॅट मिळतात, पण ऐंशी टक्के ऊर्जा कामी येते. सेलचे पैसे ज्याने भरले आहेत त्याच्या लेखी सर्वोत्तम कोणती? एकोणिसाव्या शतकात या गल्लतीने जाणत्यांनाही चकवले. जनित्राची निम्मी शक्ती आत जळणारच, असे मानणारे विद्वान होते. एडिसनने १८७९ मध्ये अंतर्गत रोध मुद्दाम कमी ठेवलेले जनित्र करून नव्वद टक्क्यांचा दावा केला, तेव्हा त्यांनी त्यावर विश्वास ठेवायला नकार दिला.

समांतर जोडणी निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. तिचे खरे काम काय हे मोटारीची बॅटरी उघडी करून बघितली की कळते. काळ्या पेटीत सहा कप्पे. प्रत्येक कप्प्यात दहा-पंधरा पातळ प्लेटा, एक धन, एक ऋण, मध्ये विभाजक. धन प्लेटांच्या वरच्या शेंड्या एका शिशाच्या पट्टीत ओतून जोडलेल्या, ऋण प्लेटांच्या दुसरीत. ही समांतर जोडणी. मग एका कप्प्याची धन पट्टी शेजारच्या कप्प्याच्या ऋण पट्टीला, असे सहाही कप्पे एकसर, म्हणून साडेबारा व्होल्ट. स्टार्टर फिरताना दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, म्हणजे त्याचा रोध ओहमच्या विसाव्या हिश्श्याएवढा. आपली सीमारेषा इथे ओलांडली गेली आहे, आणि प्लेटा समांतर असल्याशिवाय चालणारच नाही. भिंतीवरच्या घड्याळातले आठ अल्कलाइन सेल एकसर लावले तर बारा व्होल्ट तेही देतात, पण प्रत्येकी ०.२ ओहम धरला तरी पोटातला रोध १.६ ओहम, टोके सरळ जोडली तरी साडेसात अँपिअरच्या वर धारा जायची नाही. त्या सेलने गाडी चालू करायची तर अशा सव्वाशेवर ओळी समांतर लावाव्या लागतील, हजारावर सेल.

२००८ साली आलेल्या टेस्लाच्या पहिल्या रोडस्टर गाडीत ६,८३१ सेल होते: ६९ समांतर, असे ९९ गट एकसर. ९९ ने व्होल्टेज साडेतीनशेच्या पुढे नेला, म्हणजे तारांतली धारा आटोक्यात राहिली. ६९ ने धारा वाढवली नाही. मोटर जी धारा मागते ती ६९ जणांत वाटून दिली, म्हणजे एकाही सेलवर ताण येऊ नये. समांतर जोडणीचे काम ओझे वाटण्याचे आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला: "आम्ही करंट वाढतो म्हणतो तेव्हा करंट देण्याची ताकद वाढते असे म्हणायचे असते." मग तसे लिहा. ताकद वाढणे आणि धारा वाढणे यांतला फरक परीक्षेच्या उत्तरात एका शब्दाचा आहे, प्रयोगाच्या टेबलावर १४६ आणि २८६ मिलिअँपिअरचा. दुसरा: "लहान मुलांना सोपे वाक्य हवे." सोपे हवेच. पण जे वाक्य मुलाच्या पहिल्याच दिव्यावर खोटे ठरते त्याला सोपे म्हणू नये. पूर्वपक्षाला एक सवलत मात्र द्यायला हवी. सौरघट खरोखरच उन्हाच्या मानाने एक ठरावीक धारा देऊ पाहतो, म्हणून सौर पॅनेलांच्या बाबतीत हे वाक्य सत्याच्या बरेच जवळ जाते. तिथे एकसर साखळीतल्या एका घटावर सावली पडली तरी अख्ख्या साखळीची धारा बसते. पण रसायनांवर चालणारा सेल हा सौरघट नव्हे.

आणि गैरसमज निरुपद्रवीही नाही. धारा वाढवायची म्हणून घरातल्या नव्या बॅटरीला जुनी बॅटरी समांतर जोडणारे लोक आहेत. एकीचा व्होल्टेज १२.८, दुसरीचा १२, दोन्हींचा अंतर्गत रोध मिळून ०.०२ ओहम असला, तर बाहेर काहीही न जोडता दोघींच्या दरम्यान ४० अँपिअर वाहतील. एकसर जोडणीत जुने-नवे मिसळले तर वेगळी रड: रिमोटमधला थकलेला सेल आधी रिकामा होतो, ताजा त्याच्यातून धारा ढकलत राहतो, आणि थोड्या दिवसांत स्प्रिंगवर पांढरी भुकटी जमते. सेल बदलायचे तर सगळे एकदम, एकाच मेकचे.

"समांतर जोडणीत ____ वाढते" ही गाळलेली जागा प्रश्नपत्रिकेतून काढून टाकावी, कारण बाहेर काय जोडले आहे हे सांगितल्याशिवाय तिला उत्तर नाही. शिक्षकांना विनंती एवढीच की, हा पाठ शिकवण्याआधी वर्गात तीन-तीन रीडिंगे घ्या: एक सेल, दोन एकसर, दोन समांतर, आधी दिव्यावर, मग जाड तारेवर. मुलांना जर्नलमध्ये काटा जिथे असेल तेच लिहू द्या. साहित्य म्हणाल तर दोन साधे कोरडे सेल, एक दिवा, वीतभर तार आणि पाच अँपिअरचा अमीटर. तार एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लावून ठेवू नका, सेल तापतो; आणि हा प्रयोग मोबाइलच्या लिथियम सेलवर किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर कधीही करू नका.